तुती

मे महिना. साखर पेठेतली आमची लॅब.
शटर अर्ध्यावर ओढलेलं, कूलर कोरडा;
नळाला पाणी पाचव्या दिवशी, आज तिसरा.
ट्रेमध्ये शेवटची काचपट्टी:
नागमणी येमूल, वय एकावन्न, विडी कामगार,
ताप नऊ दिवस.

डेंग्यू नाही, मलेरिया नाही, टायफॉइडही नाही.
प्लेटलेट्स मात्र अठ्ठावीस हजार
आणि हिरड्यांतून रक्त.
डॉक्टर फोनवर म्हणाले, व्हायरल असेल, देऊन टाका रिपोर्ट.
दिला नाही.
सही करण्याआधी पुन्हा एकदा बघायचं ही माझी खोड,
मालक तिला वेळखाऊपणा म्हणतात.

भिंगाखाली तेलाचा थेंब.
तांबड्या पेशी, तांबड्या पेशी,
मग एक मोठी पांढरी,
जिचं कामच आल्यागेल्या परक्याला गिळणं,
आणि तिच्या पोटात, केंद्रकाला टेकून,
जांभळी, दाणेदार
तुती.

वडाळ्याला मामाची दीड एकर तुती होती.
पाला रेशमाच्या अळ्यांना, फळं आम्हा पोरांना.
जीभ, बोटं, परकराचा घोळ, सगळं जांभळं.
इतकी हुबेहूब, की क्षणभर
माझ्या तोंडाला पाणी सुटलं.
मग लाज वाटली.

पुस्तकात नाव सापडलं: एर्लिकिया.
पहारेकऱ्याच्याच घरात बिऱ्हाड करून राहणारा.
खात्रीसाठी नमुना पुण्याला पाठवला.

सकाळी तिला विचारलं, घरी जनावर आहे का?
"जनावर नाही. पोत्या आहे."
गोणपाटावर सापडला म्हणून पोत्या.
कानांच्या आत, पंजांच्या बेचक्यात गोचीड,
एरंडाच्या बियांसारखे टम्म.
दुपारी तेंदूपानांचं सूप बाजूला सारून
ती एकेक काढायची
आणि अंगठ्याच्या नखानं चिरडायची,
ज्या नखानं दिवसाला हजार विड्यांची तोंडं मुडपते.
अंगठा पुढे केला तिनं.
नखाशेजारी कातरीची चीर, भरू न दिलेली.

राग कुणावर काढायचा?
गोचीड महिनोन्‌महिने उपाशी बसतो
भिंतीच्या फटीत,
कुणाच्या तरी श्वासाची ऊब येईपर्यंत.
आणि त्याच्या आतला तो, त्याला तर
भूक म्हणजे काय हेही ठाऊक नसावं.

डॉक्टरांनी डॉक्सीच्या गोळ्या लिहिल्या, दिवसाला दोन.
"उन्हात फिरू नका," असंही बजावलं.
ती हसली.
चव्वेचाळीस डिग्रीच्या गावात, पत्र्याखाली राहणारी बाई.

सहाव्या दिवशी परत आली,
चौकड्याच्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून.
पोत्याच्या नाकातून रक्ताची बारीक धार.
"याचंबी बघा."
इथं माणसांचंच बघतात, मी म्हटलं.
तिनं काउंटरवर दहा-दहाच्या सात नोटा मांडल्या,
तंबाखूचा वास असलेल्या.
मी शटर खाली ओढलं.

फॉर्मवर लिहिलं:
नाव, पोत्या येमूल. वय, अंदाजे चार.
व्यवसायाच्या रकान्यात, थोडं थांबून, राखण.

भिंगाखाली तीच तुती. पण कमी, विरलेली,
जणू आधीच कुणी झाड हलवून गेलंय.
मी वर बघितलं. ती भिंतीकडे बघत होती.
"गोळ्यांचं पाकीट दाखवा."
सहा दिवसांत बारा जायला हव्या होत्या, बाराच गेल्या होत्या.
"तुम्ही किती घेतल्या?"
"सहा," ती म्हणाली. "कुक्क एकटा कसा बरा होईल?"

मला ओरडता आलं असतं.
अर्ध्या औषधानं दोघंही अर्धेच राहतात,
हे समजावून सांगता आलं असतं, सांगितलंही,
जनावरांच्या दवाखान्याचा पत्ता दिला,
पुण्याचा रिपोर्ट अजून यायचाय म्हटलं.
पोत्यानं तेवढ्यात माझी सँडल चाटली.

ती गेल्यावर फरशी पुसायला वाकले.
टेबलाच्या पायाशी
एरंडाची एक बी
हळूहळू चालत निघाली होती.